ताईचा पलंग

आमचे भावोजी पलंग बनवायचे. पलंग म्हणजे नुसती चौकट आणि चार पाय नव्हेत हं! गादीच्या खाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो ना, त्यात त्यांचा सगळा जीव. मी दुकानाच्या मागच्या खोलीत गाद्या शिवायचे, म्हणून भावोजी मला ऐकू जाईल अशा आवाजात गिऱ्हाइकाला सांगायचे, "गादीचं काय एवढं, गादी तर माझी मेव्हणीसुद्धा शिवते." मीही सोडायची नाही. "मग झोपा की एक दिवस नुसत्या पट्ट्यांवर, सकाळी कोण कण्हतंय ते बघू!"

ते दुकान आता राहिलं नाही. तिथे मोबाईल दुरुस्त करतात. तरी त्या रस्त्याने गेले की लाकडाच्या भुशाचा वास आल्यासारखा वाटतो आणि पाय उगाच रेंगाळतात.

गिऱ्हाईक आलं की हाताने पलंग दाबणार, कडेला बसून दोनदा उसळणार आणि म्हणणार, "छान आहे." भावोजींना याची भयंकर चीड. "हाताने झोपता का तुम्ही?" असं तोंडावर विचारायचे. मग नवरा-बायको दोघांना चपला काढून आडवं व्हायला लावायचे. भर दुकानात! ती दोघं बिचारी छताकडे बघत ताठ पडून राहायची. नवी जोडपी तर लाजेने अर्धमेली व्हायची. भावोजी पडदा ओढून चहाला निघून जायचे आणि मुद्दाम वेळ लावायचे. परत येईपर्यंत लाज मोडलेली असायची. कुणी कुशीवर वळलेलं, कुणी गुडघे पोटाशी घेतलेले. एकदा एक हेडमास्तर चक्क घोरत होते आणि बायको त्यांना कोपराने ढोसत होती. ती माणसं कशी पडलीत ते बघून मगच भावोजी पट्ट्या लावायला घ्यायचे. कंबरेखाली दाट, खांद्याखाली विरळ. खांदा जरा आत गेला तर चालेल, कंबर खचता कामा नये. जड माणसाच्या बाजूला जाड पट्टी, हलक्याच्या बाजूला पातळ. कित्येक वर्षांनी भेटलेली माणसं रस्त्यात थांबवून सांगायची, अजून पाठ दुखत नाही हो.

आणि मग आमची ताई जिन्यावरून पडली. मोडलं काही नाही, पण पाठीला चांगलाच मार बसला. डॉक्टर म्हणाले, स्वस्थ झोप मिळाली की हळूहळू सुधारेल. नेमकी तीच येईना.

भावोजींनी चंगच बांधला. तिच्या पलंगाच्या पट्ट्या दाट केल्या, विरळ केल्या, सगळ्या काढून नव्या बसवल्या. रोज सकाळी दारात उभे राहून विचारायचे, "कशी झाली झोप?" ताई म्हणायची, "बरी झाली हो." कसली डोंबलाची बरी! डोळे खोल गेलेले, अंग पार उतरलेलं. उठून उभं राहायचं तर भिंत धरायची. हे असंच चाललं तर ताई अंथरुणाला खिळणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. भावोजींचं जेवणखाणावरून मन उडालं. एकदा हातातली पट्टी बाजूला टाकून मला म्हणाले, "मला काही येत नाही गं. इतकी वर्षं नुसतं मिरवलं." मी ती पट्टी उचलून परत त्यांच्या हातात दिली.

एकदा दुपारी मी ताईला माझ्या खोलीत आणून बसवलं. घरात एकटी कुढत बसते, त्यापेक्षा माझी बडबड तरी ऐकेल. मशीन चालवता चालवता मागे बघते तर काय, बाईसाहेब कापडाच्या ढिगावर कुशीवर झोपलेल्या! भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या गादीला पाठ घट्ट टेकवलेली. मी मशीन थांबवलं आणि तिच्याकडे बघत बसले.

जागी झाल्यावर मी विचारलं, इथे कशी गं लागली झोप? ती म्हणाली, "इतकी वर्षं त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपले गं. आता मागे काही लागतच नाही. पडेन असं वाटत राहतं."

"लागत नाही म्हणजे? भावोजी कुठे असतात?"

"बाहेरच्या खोलीत झोपतात, जमिनीवर. मला धक्का लागेल म्हणून."

"मग बोलावून घ्यायचं ना!"

"या वयात काय बोलावू? काहीतरीच तुझं."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तशीच दुकानात गेले. भावोजी रंधा मारत होते.

"ठेवा तो रंधा! अख्ख्या गावाला जोडीने झोपवलंत, आणि स्वतःच्या बायकोला एकटीचा पलंग करून दिलात होय?" आणि ताईचं सगळं बोलणं त्यांच्यापुढे ओतलं.

भावोजींचा चेहरा पडला. "अगं, माझं हे धूड! मी नुसती कूस बदलली तरी पलंग हलतो. तिची पाठ आधीच..."

"मग हलणार नाही असा करा! पलंग बनवतं कोण, तुम्ही की मी?"

भावोजींनी रंधा खाली ठेवला. मग गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून त्यांनी ताईच्या पलंगाचा सांगाडा मधोमध कापला. दोन वेगळ्या चौकटी केल्या, दोन्ही आपापल्या पायांवर उभ्या, म्हणजे एकीचा हादरा दुसरीला पोचायला नको. वरची गादी मात्र सलग एकच. ती मी शिवली.

पलंग लागला त्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर भावोजी आधी आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून, श्वाससुद्धा जपून घेत होते. मी ताईला धरून हळूच निजवलं. तिने कूस वळवली, मागे सरकत सरकत गेली आणि त्यांच्या पाठीला पाठ टेकवली. "आई गं," म्हणाली, पण दुखून नाही. मी उशाशी पाणी आणून ठेवेपर्यंत बाई घोरायलासुद्धा लागली.

भिंतीकडून कुजबुज आली, "झोपली का गं?"

"झोपली."

भावोजींनी उशीत तोंड खुपसलं. रडू आवरत नव्हतं, आणि ती जागी होईल म्हणून धड रडताही येत नव्हतं. माझेही डोळे भरून आले.

थोड्या वेळाने पुन्हा कुजबुजले, "आता उठू का मी? दुकान उघडं आहे."

"उठून तर बघा!" म्हटलं, आणि दार ओढून घेऊन मीच दुकान बंद करायला गेले.