पोचू ड्रेसर आणि गुणवंतरावांचा सांड

गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावात जनावरांचा दवाखाना होता. पोचू तिथला ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, गोऱ्ह्यांना चिमटा लावून त्यांचे बैल करायचे, ही त्याची कामे. अळ्या पडलेल्या खुरात बोट घालतानाही त्याला कधी किळस आली नव्हती. ती आली १९५७ साली, बेलसरे डॉक्टर संशोधनाला आल्यावर.

डॉक्टरांनी एका टाकीत मेलेले वानर औषधात बुडवून ठेवले होते. रोज सकाळी ते त्याच्या मांडीचे कातडे सोलत, पांढऱ्या नसा चिमटीने सुट्या करत आणि रंगीत पेन्सिलींनी कागदावर उतरवत. पोचूने पाय ताणून धरायचा. औषधाने डोळे चुरचुरत. वानराच्या पायाची माणसासारखी नखे दिसली की तो मान फिरवी.

"हा दोरा बघ. दुखणं यातूनच मेंदूला जातं," डॉक्टर कौतुकाने म्हणत.

दुपारचे काम त्याहून वाईट. त्या साली गावच्या गायी दोन-तीन महिन्यांचा गाभ टाकत होत्या. पोचू टोपले घेऊन गोठ्यागोठ्यांतून ते गर्भ गोळा करी. कुठे उंदराएवढे, कुठे मांजराच्या पिलाएवढे, केस न फुटलेले वासरू, आणि त्याला चिकटलेला पिवळा पू. डॉक्टर ते बरणीत घालून वर आकडा लिहीत.

अठ्ठावीस बरण्या झाल्यावर डॉक्टरांनी गुणवंतरावांचा सांड तपासला. गुणवंतराव गावचे जुने मालगुजार, म्हणजे पूर्वीचे जमीनदार. साऱ्या गायींना त्यांचाच सांड. त्याच्या इंद्रियाचे कातडे आतून धुवून घेतलेले पाणी काचेवर ठेवून डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पोचूला दाखवले. त्यात बारीक जंतू वळवळत होते.

"म्हंजे सांडच रोग देऊन राह्यला?"

"होय."

"मंग आजच बांधाले सांगतो गुणवंतरावले."

"इतक्यात नको," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "निबंधाला चाळीस नमुने लागतात. अजून बारा हवेत."

पोचू उठून बाहेर गेला आणि थुंकला.

डॉक्टरांना न सांगता तो गुणवंतरावांकडे गेला. ते ओसरीवर पान लावत होते.

"माह्या सांडाले रोग?" ते ओरडले. "मारुतीचं वांदर चिरतेस अन् माह्या दारात येतेस? हो खाली!"

आठवड्याने कलाबाईचा निरोप आला. ती विधवा बाई. घरात एकच गाय, आणि तिने दुसऱ्यांदा गाभ टाकला होता.

"घेऊन जाय, भाऊ," ती म्हणाली. "पण एवढं सांग, काऊन टाकते माही गाय?"

पोचूला कारण ठाऊक होते. त्याने तो गर्भ टोपल्यात घेतला नाही. तिच्याच परसात खोल खड्डा करून पुरला.

दुसऱ्या सकाळी तो चिमटा घेऊन आखरावर, जिथे गावची जनावरे चरायला निघण्याआधी जमतात तिथे, गेला. गुराखी इतवारीला म्हणाला, "सांडाच्या पायात काटा हाये. पाडाले हात लाव." दोघांनी दोर टाकून सांड पाडला. पोचूने वृषणांच्या दोन्ही बाजूंना चिमटा दाबला. कट्, कट्. सांड हंबरला. इतवारीच्या हातातला दोर सुटला. "काटा म्हनला होतास ना रे!"

बातमी कळताच डॉक्टर आखरावर धावत आले. "काय केलंस हे कळतं का तुला?"

"कळते, साहेब. आता बाकीचे बारा नाई भेटत."

नोकरी त्याच दिवशी गेली. संध्याकाळी गुणवंतरावांच्या गड्यांनी त्याला बडवले. डावा हात पुढे कधी सरळ झाला नाही. राजुऱ्याच्या बाजारातून दुसरा सांड आला. डॉक्टर सामान बांधून गेले. त्यांचा निबंध छापला की नाही, गावाला कळले नाही.

पुढल्या वर्षी गायी व्यायला लागल्या. कलाबाईची गाय अडली तेव्हा तिने पोचूलाच बोलावले. त्याने एका हाताने कालवड ओढून काढली. गुणवंतरावांच्या गोठ्यातही तीन वासरे झाली, पण त्यांनी पोचूचे नाव काढले नाही.

पोचू बांबू तोडायच्या कामाला लागला. बेलसरे डॉक्टरांची कोणी आठवण काढली की तो उठून बाहेर जाई, थुंके, आणि मगच परत येऊन बसे.