खाचरातली नाचणी

"मॅडम, तो पोरगा चूक बोलला हे तुमाला माहीत होतं का नव्हतं?"

सेमीफायनलचा निकाल सांगून मी पाणी पीत होते, तोवर श्रीपतराव समोर उभे. कृष्णराजनगरच्या एका शाळेचे कोच. घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी फौजेतलं. बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात, आणि रागावले की तिथेच मुक्काम करतात.

"होतं," मी म्हटलं.

"मग हेगे सोलिसिदिरी? हरवलं कसं आमच्या काव्याला?"

मी शाळांच्या डिबेट स्पर्धांना जज असते. विषय होता, कावेरीकाठी भाताऐवजी नाचणीची सक्ती करावी का. म्हैसुरातल्या गोकुलम भागातल्या शाळेचा मुलगा बाजूने, काव्या विरोधात. मुलाने झोकात सांगितलं, "भाताच्याच खाचरात नाचणी येते. काही बदलावं लागत नाही."

माझं आजोळ कोकणातलं. भात खाचरात, नाचणी उतारावर. पाणी साचलं की ती सडते, हे मी लहानपणीच पाहिलंय. काव्या तर भातशेतकऱ्याची मुलगी. ती पीओआयसाठी उठली. म्हणजे समोरच्याचं भाषण चालू असताना प्रश्न विचारायला. मुलगा थांबला. ही "सॉरी" म्हणून खाली बसली. नंतर स्वतःच्या भाषणात बाजारभावावर छान बोलली, पण खाचराबद्दल चकार शब्द नाही.

आमच्यात नियम आहे. जे कुणी खोडलं नाही ते खरं धरायचं. जजने आपलं ज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचं. निकाल त्याच मुद्द्यावर फिरला. लिहिताना मला वाईट वाटलं, पण लिहिला.

श्रीपतरावांना हे पटेना. मग मी काव्यालाच हाक मारली. "उठलीस, तर विचारलं का नाहीस?"

तिने आधी सरांकडे पाहिलं. "सरांनी सांगितलंय, सोर्स नसेल तर बोलायचं नाही. मला हे अप्पांकडून कळलेलं. अप्पा सोर्स कसे होणार, मॅम?"

"रिपोर्ट नायतर पेपर, असं म्हटलोतो मी," श्रीपतराव पुटपुटले. आवाज पार खाली आला होता.

"शेत कुणाचं?" मी विचारलं.

"आमचंच."

"मग तेवढंच म्हणायचं. आमच्या खाचरात पाणी साचतं, नाचणी येत नाही. पुढे ते खोडायचं काम त्याचं."

"त्याला काय खोडता येणार!" ती हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले.

"आता निकाल बदलत नाही ना?" श्रीपतरावांनी विचारलं.

"नाही."

फायनल दोघांनी मागच्या बाकावर बसून बघितली. गोकुलमचा मुलगा जिंकला. खाचराचं मला माहीत होतं, काव्यालाही माहीत होतं. पण उठून म्हणायचं काम तिचं होतं, माझं नव्हे.