चिठ्ठीतलं एक इंजेक्शन

मुलगी झाली तेव्हा मी कारखान्यांतली रिकामी पिंपं घेऊन विकायचो. सांगितलेल्या भावात आयुष्यात काही घेतलं नाही. कोणी यादी पुढे केली की त्यात एखादी गोष्ट उगाच घुसडलेली असणार, ही माझी खात्री. बहुतेक वेळा ती खरी ठरायची.

कल्याणच्या नर्सिंग होममध्ये सिस्टरनं औषधांची चिठ्ठी दिली. समोरच्या मेडिकलवाल्याला मी विचारलं, "यातलं काय नाही घेतलं तर चालेल?"

"शेठ, डॉक्टरांनी लिहिलंय सगळं."

"हे शेवटचं काय?"

"व्हिटॅमिनचं इंजेक्शन. बाळासाठी."

"तीन किलोची पोरगी आहे माझी. व्हिटॅमिन तुझ्या घरी दे."

बाकीची औषधं घेऊन आलो. तोवर सिस्टरची पाळी बदललेली. नव्या सिस्टरनं पिशवी घेतली, चिठ्ठीशी ताडून बघितली नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

घरी पाचवीच्या पूजेची तयारी चाललेली. बायकोनं हाक मारली, "अहो, हिचा लंगोट बघा." बेंबीतून रक्त येत होतं. कापूस दाबला तरी थांबेना. शीळफाट्यावरून टेम्पो पिटाळत ठाण्याच्या इस्पितळात नेलं.

"जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलेलं का?" डॉक्टरनं विचारलं.

मी बेंबीवरचा कापूस दाबत राहिलो. बायको म्हणाली, "हो. यांनी सगळं आणून दिलेलं."

डॉक्टरनं लगेच इंजेक्शन दिलं. मग समजावलं, की आपल्या आतड्यात जंतू असतात, तेही हे व्हिटॅमिन बनवतात. नव्या बाळाच्या पोटात ते जंतू अजून पुरेसे नसतात, आईच्या दुधातूनही ते फारसं येत नाही. ते नसेल तर रक्त गोठत नाही.

"मग अजून द्या. दहा द्या. मुंबईहून आणतो."

"जेवढं लागतं तेवढं दिलंय. आता थांबायचं. डोक्यात रक्त उतरलं असेल तर मात्र काही सांगता येत नाही."

मी वॉचमनशी भांडलो. दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

संध्याकाळी रक्त थांबलं. पोरगी वाचली. उजवी मूठ मात्र नीट उघडली नाही, ती कायमचीच.

नव्वद सालानंतर ती डोंबिवलीच्या कॉलेजात जंतुशास्त्र शिकायला लागली. एका दुपारी त्या मुठीनं वही दाबून डाव्या हातानं लिहिता लिहिता म्हणाली, "पप्पा, गंमत बघा. जंतूंमध्ये एक एन्झाइम असतं. ते एक बंद पडलं की व्हिटॅमिन के तयारच होत नाही. बाकी सगळा कच्चा माल असून उपयोग नाही."

"असं का," मी म्हणालो.

"नव्या बाळाच्या पोटात तर ते जंतूच पुरेसे नसतात, म्हणून इंजेक्शन देतात. मला दिलेलं ना?"

भाजी निवडत बसलेली बायको म्हणाली, "दिलेलं गं. पप्पांनी स्वतः आणलेलं."

"मग मला कसं झालं?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. बायकोच्या नजरेत संशय नव्हता, तेच सहन होईना. "नको तिथं डोकं चालवू नकोस, अभ्यास कर," मी ओरडलो. ती दचकली, खाली मान घालून पुन्हा लिहू लागली. बायको म्हणाली, "अहो, तिनं विचारलं तर बिघडलं काय?"

मी चपला घालून बाहेर पडलो.