बद्रीनाथची उंच गाडी

बद्रीनाथ माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायलाही थोडी अक्कल लागते. दारूला शिवला नाही, पत्त्याला बसला नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. एवढंच, की सारं गाव आपल्याकडं बघतंय असं त्याला वाटायचं. आणि गाव तर त्या साली आभाळाकडं बघत होतं. बद्रीनाथकडं वळायला कुणाची मान मोकळी होती?

दोन हजार अठराचं साल ते. मृगात दोन सरी आल्या, त्यावर लोकांनी पेरलं, आणि मग पावसानं तोंड दाखवलं नाही. पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं. बायांनी ओलं फडकं फिरवून पाठी पुसल्या आणि त्यावरच झुली टाकल्या. चारा संपला तशी बद्रीनाथनं बैलजोडी विकली, कौशल्याच्या माहेरच्या पाटल्या मोडल्या, आणि दारात नवी कोरी पांढरी पिकअप आणून उभी केली. जादा वजन ओढणारी, मोठ्या हौद्याची.

कौशल्या म्हणजे त्याची बायको. पाटल्या तिनं आपल्या हातानं काढून दिल्या, कुणी ओढून घेतल्या नाहीत. लग्न झाल्यापासून नऊ वर्षं, दिवाळीचा दिवा विझला की ती नवऱ्यासंगं ऊस तोडायला जात होती. कधी कोल्हापूरकडं, कधी पार कर्नाटकात. तिकडं राहायला उसाच्या पाल्याची कोपी, पहाटे थंडीत हातात कोयता, डोक्यावर मोळी, आणि घरी यायचं ते उन्हाळा लागल्यावर. आपल्या स्वतःच्या घरात थंडी कशी असते, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. ह्या गाडीला गावातल्या दूध संस्थेचं काम लागलं, की यंदा घरी राहायचं. न लागलं, की दहावा हंगाम. एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिनं नवऱ्याला तीनदा सांगितलं होतं.

काम लागण्यासारखं होतंही. संस्थेचा जुना टेम्पो श्रावणात घाटात बसला तो उठलाच नाही. त्याचा ड्रायव्हर रामकिसन, पंधरा वर्षं दूध वाहिलेला माणूस, पारावर रिकामा बसून सुपारी कातरत होता. संस्था सहकारी होती, म्हणजे चेअरमन मोहनराव, सेक्रेटरी मोहनरावांचा भाचा, आणि दूध तेवढं गावाचं. पण मोहनराव व्यवहाराला पक्के. त्यांनी बद्रीनाथला सांगितलं, "दिवाळीपर्यंत भाड्याचा टेम्पो ठरलाय, तेवढी होऊ दे. मग एक दिवस सकाळची फेरी करून दाखव. सात वस्त्या घ्यायच्या अन् साडेआठच्या आत सिरसाळ्याला डेअरीत दूध उतरवायचं. जमलं तर काम तुझं."

शहाण्या माणसानं काय केलं असतं? गाडी झाकून ठेवली असती आणि दिवाळीची वाट बघितली असती. बद्रीनाथनं चॅनल काढला.

आता हे चॅनल म्हणजे मोबाईलवर आपला व्हिडिओ टाकायचा आणि लोकांनी तो बघायचा. बद्रीनाथ गाडीपुढं उभा राहायचा, केसांवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "नमस्कार मंडळी! आज आपण बघणार आहोत आपल्या गाडीची स्टेपनी." स्टेपनी! जशी काही जगात कुणी पाहिलीच नव्हती. मोबाईल धरायला कौशल्या. भाकरी तव्यावर असली तरी हाक यायची.

"अगं ये ना लवकर. ऊन चांगलं पडलंय टायरावर."

"भाकर करपंल."

"करपू दे. ऊन जाईल."

ती यायची, पिठाच्या हातानं मोबाईल धरायची. तिचा हात कोयत्याचा, घट्ट धरायचा, तरी हा ओरडायचा, "हलवू नको, हलवू नको!" एक दिवस त्यानं टँकरच्या पाण्याची भरली घागर उचलली आणि गाडीवर ओतायला निघाला. गाडी ओली असली की व्हिडिओत चकाकते म्हणे. कौशल्यानं मोबाईल उंबऱ्यावर ठेवला, घागरीच्या काठाला धरलं आणि एवढंच म्हणाली, "वता. मंग आंघूळ बी गाडीच करंल अन् तहान बी गाडीलाच लागंल." घागर आत गेली. त्या दिवशीचा व्हिडिओ कोरडाच निघाला.

पण नुसतं दाखवून किती दाखवणार? गाडीचे सगळे अवयव आठ दिवसांत दाखवून संपले. मग बघणाऱ्यांतल्या कुणीतरी लिहिलं, 'भाऊ, गाडी दमदार आहे पण बसकी दिसते.' झालं. तो माणूस कोण, कुठला, त्याच्या दारात सायकल तरी होती का, देव जाणे. पण बद्रीनाथला दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी मांजरसुंब्याला गेला. तिथं हमरस्त्यावर ट्रकवाल्यांची सगळी दुकानं. तिथनं तो मागच्या चाकांसाठी स्प्रिंगचे जादा पाटे, पाट्यांखाली घालायचे लोखंडी ठोकळे, मोठी टायरं, चार भोंग्यांचा हॉर्न आणि लोंबायला काळे गोंडे घेऊन आला. उतरताना चेहरा असा, जसा काही नारायणगडाहून नवस फेडून आला.

मग दारातच कारखाना सुरू झाला. जॅक लावला, चाकं काढली. वेल्डिंगवाला आला. गाडी रोज चार बोटं वर जायची आणि रोज त्याचा व्हिडिओ व्हायचा. "मंडळी, हा बघा पाटा. मंडळी, हा बघा ठोकळा." शेजारच्या कोंबड्या हौद्याखालून मान न वाकवता जायला लागल्या.

एकदा मोबाईल धरता धरता कौशल्याचं लक्ष गेलं. मागचा फाळका खाली पाडला होता आणि ती त्याच्याजवळ उभी होती. हौद्याची कड तिच्या छातीच्याही वर आली होती.

"अवो," ती म्हणाली, "हे लई उंच झालं. दुधाचं कॅन वर कसं चढंल?"

"चढवणारे चढवतील."

"कोण?"

"गडी काय मेलेत का गावातले?"

आणि त्यानं लगेच दाखवूनही दिलं. तेव्हा दिवाळीला आठ दिवस होते, ऊसतोडीच्या टोळ्या अजून गावातच होत्या. पारावरचे पाच-सहा दणकट गडी बोलावले. त्यांनी सिमेंटची पोती अशी भिरकावली हौद्यात, की गाडी हललीसुद्धा नाही. बद्रीनाथ मोबाईलकडं तोंड करून म्हणाला, "बघा मंडळी, ह्याला म्हणतात दम!" दम गड्यांचा होता. पण ते जाऊ दे.

आता कुणी म्हणेल, एवढी गोष्ट त्याला कळली कशी नाही? कळायला तो थंडीत कधी गावात होता? लहानपणी आई-बापासंगं उसात, पुढं नऊ वर्षं बायकोसंगं उसातच. दिवाळीनंतर ह्या गावात कोण उरतं, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. धडधाकट नवरा-बायको कोयता घेऊन जातात. मागं उरतात म्हाताऱ्या, एक-दोन दुभती जनावरं आणि कुलपं. रस्त्यापर्यंत दूध आणतात म्हाताऱ्या, आणि गाडीत कॅन चढवतात त्याही म्हाताऱ्याच. एका बाजूची कडी एकीनं धरायची, दुसऱ्या बाजूची दुसरीनं, एक झोका द्यायचा, मांडीचा टेकू लावायचा आणि कमरेइतक्या उंच हौद्यावर कॅन सरकवून द्यायचं. जुन्या टेम्पोचा हौदा बरोबर कमरेला यायचा. पंधरा वर्षं संस्था त्या कमरेवर चालली होती. मोहनरावांना वाटायचं आपल्यावर चालली.

भाऊबीज झाली. चार ट्रक भरून टोळ्या गेल्या. एक टोळी तेवढी मागं राहिली होती, मुकादम रामहरीची, तीत दरसाल बद्रीनाथ-कौशल्याचं नाव असायचं. आणि फेरीचा दिवस आला.

मोहनराव स्वतः पुढं बसले, बद्रीनाथ चालवायला. कौशल्या मागं हौद्यात, कॅनं सांभाळायला. भोंगा असा वाजला, की पहिल्या वस्तीवरची म्हैस दावं तोडून पळाली. तिथं एकच अर्धं कॅन होतं, ते बद्रीनाथनंच उतरून चढवलं. दुसऱ्या वस्तीवर दोन. तीही त्यानंच चढवली, घाम पुसला. तिसऱ्या वस्तीवर चार कॅनं रांगेत, आणि त्यांच्यापाशी केशरबाई आणि तिची जाऊ भिवराबाई. दोघी साठीच्या पुढच्या. केशरबाईचं तोंड म्हणजे उघडी विहीर, कुणीही डोकावलं तर आत पडायचं.

तिनं खालून वर गाडी बघितली. मग वरून खाली बद्रीनाथ बघितला.

"बद्र्या, गाडी हाय का मचाण?"

"मावशी, चढवा चढवा. येळ होतोय."

"कशानं चढवू? शिडी आणलीस का?"

चेअरमन बघत होते म्हणून दोघींनी कड्या धरल्या. झोका दिला. मांडीचा टेकू दिला. मांडी संपली तरी हौदा आला नाही. भिवराबाईचा हात सुटला, कॅन कडेवर आपटलं, झाकण उडालं आणि चाळीस लिटर दूध रस्त्याच्या धुळीत गेलं. त्या साली. ज्या साली म्हशीला प्यायला पाणी दीड कोसावरनं आणत होते.

धूळ दूध पिऊन बसली. भिवराबाई खाली बसून रिकामं कॅन आडवं करून बघत होती, आत काही राहिलंय का ते. केशरबाई सावकाश म्हणाली, "आरं, आमी मेलो आस्तो तर बरं झालं आस्तं. तुझ्या गाडीला मापाचे खांदेकरी तरी आले आस्ते."

कौशल्यानं हौद्यातून खाली उडी मारली. उरलेली तीन कॅनं तिनं आणि बद्रीनाथनं चढवली, पुढच्या चार वस्त्यांवरचीही त्या दोघांनीच. फेरी सिरसाळ्याला पोचली तेव्हा दहा वाजले होते आणि दोन कॅनांतलं दूध आंबायला लागलं होतं.

परतताना मोहनराव म्हणाले, "बद्री, गाडी खाली घे. होती तशी कर. परवा सकाळी रस्त्याला उभी दिसली पाहिजे, न्हाईतर मला दुसरा माणूस बघावा लागंल. दूध थांबत न्हाई."

सोपं होतं. चार नट, दोन ठोकळे, एक दुपार. पण बद्रीनाथ घरी येऊन बाजेवर पडला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"काढा ना ते पाटे," कौशल्या म्हणाली.

"चार हजार लोकांनी बघितलंय ते चढवताना."

"त्यातला एक तरी आला का कॅन उचलाया?"

"तुला न्हाई कळायचं. आता खाली केली तर लोक काय म्हणतील? बसक्या गाडीत मी बसणार न्हाई. काय वाट्टंल ते होऊ दे."

कौशल्यानं पायात चपला सरकवल्या आणि गावात जाऊन आली. नऊ वर्षं तिनं ह्या माणसाबरोबर मोळ्या वाहिल्या होत्या. तो तोडायचा, ती बांधायची. ऊस तोडताना तो कधी असा वाटला नव्हता. कदाचित तिथं बघणारं कुणी नव्हतं म्हणून.

दिवस मावळायच्या आत मुकादम रामहरी दारात आला. त्याचा ट्रक उद्या निघायचा होता. "मग वयनी, काय ठरलं? फेरी बिघडली म्हणं. तुमचा कोयता धरू ना?"

बद्रीनाथ बाजेवर उठून बसला. 'धरा' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण बोलली कौशल्या.

"मुकादम, अर्धा धरा."

रामहरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा. पण तो रंडका नाहीतर बिनलग्नाचा, कुणी नसलेला. दारात बायको उभी असताना अर्धा कोयता ह्या गावात कुणी लिहिला नव्हता.

"अर्धा म्हंजी?"

"म्हंजी हे एकटे येत्यात. मी यंदा घरी हाय."

"कावून? आन् मी एकटाच?" बद्रीनाथचा आवाज चिरकला. "गाडी मग कोण चालवणार?"

"रामकिसनभाऊ चालवतील. लोहाराला सांगून आले मी, उद्या पाटे निघत्यात. तुमाला बसक्या गाडीत बसायचं न्हाई ना? मंग उसात बसा. न्हाईतर गपगुमान उद्या पाना धरा अन् परवा बसक्या गाडीत बसा. दोन्ही दारं उघडी हायत."

एवढं ऐकूनही शहाण्याला वाट होती. रामहरीसुद्धा म्हणाला, "आरं बद्री, बस की बे गाडीत, काय बिघडतंय?" बद्रीनाथनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा बायकोकडं. मग तावातावानं उठला, खुंटीवरचा कोयता काढला आणि म्हणाला, "धरा अर्धा!" त्याला वाटलं असावं, आता ही पदर पसरंल, पाया पडंल. कौशल्या आत गेली आणि त्याच्या प्रवासाच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. लाल चटणी जरा जास्तच दिली बांधून, एवढी माया केली.

सकाळी ट्रक गेला. दुपारी लोहारानं आणि रामकिसननं गाडी जॅकवर घेतली. ठोकळे निघाले, जादा पाटे निघाले, जुनी टायरं परत बसली. कौशल्यानं रिकामं कॅन आणलं, हौद्याच्या कडेला लावून बघितलं, आणि म्हणाली, "अजून एक बोट खाली." रामकिसन हसला, पण एक बोट खाली घेतली.

परवाच्या सकाळी गाडी रस्त्याला उभी होती. थंडी पडली होती. कौशल्या शाल पांघरून पुढं बसली होती आणि बोटांवर फुंकर मारत होती. तिसऱ्या वस्तीवर केशरबाई-भिवराबाईंनी कॅन धरलं, झोका दिला, टेकू दिला. कॅन आत गेलं, थेंब सांडला नाही.

केशरबाईनं पदराला हात पुसले. "आन् त्यो कुठं गं, धनी तुझा?"

"उसात गेल्यात."

"एकटाच?"

"एकटेच."

"बरं झालं. ऊस बी उंच आस्तो. करमंल त्याला." आणि तिनं दुसऱ्या कॅनाची कडी धरली.