अकराव्या मजल्यावरची पाहुणी

आमच्या लॉ कॉलेजच्या मोफत कायदा केंद्रात फी नसते, एक पंखा असतो आणि मी असते. केंद्र माझ्याकडे आलं तोवर मी वकिली कमी आणि पत्रकबाजी जास्त केलेली. प्राचार्यांनी एकच अट घातली: नोटिशीत उद्गारचिन्हं नकोत.

एका सकाळी ठाण्यापलीकडच्या दिवा गावाहून एक ताई आल्या. ठाण्यातल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये घरकाम करायच्या. गेटवर वॉचमनने त्यांना मोबाइलमधलं सोसायटीचं ॲप दाखवलं. नावासमोर लाल खूण. आत सोडायचं नाही.

“कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“ॲपने.”

“आणि ॲपला?”

“तेच विचारायला तुमच्याकडे आले ना, मॅडम.”

चोरीचा आळ नव्हता. एका बाईंचे सासू-सासरे राहायला आले, भांडी दुप्पट झाली, पगार तेवढाच राहिला. ताईंनी ते काम सोडलं. बाईंनी आपल्या फोनवर एक बटण दाबलं, आणि कॉम्प्लेक्समधली उरलेली तीन घरंही ताईंना बंद झाली. तिथली माणसं अजून वाट बघत होती, पण किती बघणार? दुसरी बाई लागली की संपलं.

संताप तर आलाच. सोफ्यावर बसून कोणीतरी अंगठा टेकवतं आणि कोणाची तरी चूल विझते! पण खरं सांगते, त्याहून जास्त मला कुतूहल होतं. हे बटण कुठल्या कायद्यात बसतं? केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी पुस्तकं उपसली. घरकामगारांसाठी मंडळ आहे, नोंदणी आहे. पण गेटवर अडवलं तर काय, यावर आम्हाला एक ओळ सापडली नाही. पगार देतात घरवाले, गेट सोसायटीचं. “म्हणजे मॅडम, ताईंना काढलंय सगळ्यांनी आणि कामावर ठेवलेलं कोणीच नाही,” आमची एक विद्यार्थिनी म्हणाली.

मग आम्ही दोघी ताईंना घेऊन थेट सेक्रेटरींना भेटायला गेलो. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. आम्हाला दोघींना खुर्च्या दिल्या. ताई उभ्या.

“आम्ही कोणालाही काढत नाही हो. एका मेंबरने लाल केलं की सगळ्यांकडे लाल होतं. सेटिंगच तसं आहे.”

“बाकीच्यांनी हिरवं केलं तर?”

“लाल जिंकतं.”

त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मी क्षणभर भांडायचंच विसरले. विद्यार्थिनी मात्र त्यांच्या स्क्रीनकडे वाकून बघत होती. मदतनीस, डिलिव्हरी, टॅक्सी, पाहुणे. “काका, पाहुण्याला लाल करता येतं?”

काका दचकले. “छे! पाहुणा ज्याच्या त्याच्या घरचा. त्यात आम्ही कोण बोलणार?”

बाहेर येऊन आम्ही अकराव्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांना फोन लावला. त्यांचे हात कापतात; ताईंशिवाय त्यांचं स्वयंपाकघर अडलेलं. “म्हणजे मी यांना आमंत्रण द्यायचं?” त्या म्हणाल्या. “देते की. रोज सकाळी देते.”

दुसऱ्या दिवशी ताई ॲपवरून आलेला पाहुण्यांचा कोड घेऊन गेटवर आल्या. वॉचमनने कपाळाला हात लावला, पण पाहुणी म्हटल्यावर नियमाप्रमाणे त्यांना मोठ्या लिफ्टकडे पाठवलं, आरशाच्या. कामवाल्यांची लिफ्ट मागे, कचऱ्याच्या डब्यांजवळ. मग उरलेल्या दोन घरांनीही आमंत्रणं धाडली. रहिवाशांच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या: आजकाल लिफ्टमध्ये कोणीही असतं. आठवड्याच्या आत सेक्रेटरींचा फोन आला. लाल काढलंय, त्यांना मदतनीस म्हणूनच येऊ द्या.

मी ताईंना म्हटलं, “अजिबात ऐकायचं नाही. आरसा सोसवत नाही यांना! तुम्ही पाहुणीच राहा.”

त्या खळखळून हसल्या. “मॅडम, पाहुणीला दिवाळीचा बोनस कोण देतं?”

कुठलंही पत्रक लिहिताना हा प्रश्न मला पडला नव्हता.

“मदतनीसच लिहू दे त्यांना,” त्या म्हणाल्या. “फक्त पुन्हा लाल करायच्या आधी मला बोलावून विचारायचं. तेवढं लिहून घ्या.”

आम्ही एका कागदावर तेवढंच लिहिलं आणि तिघी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. “फक्त यांच्यासाठी ना?”

“सगळ्याच बायकांसाठी,” ताई म्हणाल्या.

“मग मीटिंगमध्ये ठेवावं लागेल.”

मीटिंगमध्ये ठेवणं म्हणजे काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तोंड उघडणार, तोच ताईंनी मला कोपराने ढोसलं.

“ठेवा की, साहेब,” त्या म्हणाल्या. “मी रोज येतेच आहे. रोज विचारीन.”

आणि अकराव्या मजल्यावर कुकर लावायचा होता म्हणून झपाझपा मागच्या लिफ्टकडे निघून गेल्या.