गोधडीत शिवलेलं विश्व

अख्खं विश्व मी एकदा गोधडीत शिवून टाकलं.

मुद्दाम न्हाई हो! माझी नात रेवा पदार्थविज्ञान शिकते. त्या दुपारी आमच्या चौसाळा गावच्या घरातूनच कॉम्प्युटरवर तिची मुलाखत होती. निवड झाली तर पुढचं संशोधन, न्हाईतर सगळं बारगळणार! मुलाखतीत दाखवायची आकृती म्हणून पाठीमागं टांगायला तिनं जुन्या चादरीवर भलंमोठं वर्तुळ काढलं होतं.

"आज्जे, ह्याच्या आत वाकलेली जागा हाय. तिथं गुरुत्वाकर्षण सगळ्याला ओढतंय. कडेवर ओढ न्हाई, नुसती पुंजक्षेत्रं, म्हंजी क्वांटम फील्ड, थरथरतेत. पर दोन्ही एकच गोष्ट! आतलं सगळं कडेवरून वाचता येतं."

"मग आत जायचं कशाला?"

"तेच तर!" म्हणत ती खोलीत तयारीला बसली.

इकडं माझा चष्मा सकाळपासून गायब. (आणि चष्मा शोधायला चष्माच लागतो!) अंगणात गोधडीचे थर मांडलेले. हाताला मऊसूत चादर लागली. म्हटलं, बरी झाली मधल्या थराला! आमच्याकडं टाके कडेपासून घालत आत जायचं. सुई चालली, डोळे जडावले. वाटलं, आभाळही अशीच गोधडी असंल. कुणी म्हातारी कडेकडेनं टाके घालतीय, अन् आत चांदण्या, आपण, बीडची एसटी, सगळे उबेत निजलोत...

"आज्जे, माझी चादर कुठाय?"

तोवर चारी कडा बंद!

"उसव लवकर!"

"चष्म्याबिगर? बोट कापून घेऊ का गं?"

तेवढ्यात कॉम्प्युटर वाजला. रेवानं गोधडीच टांगली. एक कोपरा निसटत होता, तो धरून मी मागं लपले.

"आकृती कुठं आहे?" पलीकडून एका सरांचा आवाज.

"आत आहे, सर," रेवा म्हणाली. "कडेचे टाके बघा. टाका जसा ओढला, तशी आत चुणी पडली. कडेची वीण नीट वाचली, की आतली वळणं सांगता येतात. आमचा सिद्धांत साधारण असाच आहे."

पलीकडं हसू. मग, "छान! निवड झाली. गोधडी कुणी शिवली?"

"आज्जीनं!"

मी मागून हात हलवला. (गोधडी पडली. ते असू द्या.)

त्या आनंदात संध्याकाळी त्या गोधडीवरच आडवी झाले, तर पाठीत काहीतरी कचकन टोचलं. चाचपून बघते, तर चष्म्याची दांडी!

एवढे विद्वान कडेवरून विश्व वाचत बसले, पण आत म्हातारीचा चष्मा हाय, हे एकालाही वाचता आलं न्हाई. अन् मला तर त्यासाठी पाठ टेकावी लागली!