नावेतून पाहिलेला उडीवाला

काशीहून परतल्यावर दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी मी आपला 'लिहितो, लिहितो' म्हणत गावभर हिंडतोय. आज आत्याने दौत समोर आपटली, तेव्हा कुठे बसलो.

निघालो होतो तिच्यासाठी गंगेचा गडू आणायला. पण खरी ओढ नानाकाकांची. हे वडिलांचे चुलतभाऊ, दुर्गाघाटावर भिक्षुकी करतात, आणि माझ्याहून मोठे वेडे उडीवाल्याचे! उडीवाला म्हणजे तो हॉलिवूडचा नट हो, गच्चीवरून घोड्यावर आणि घोड्यावरून थेट झुंबरावर जाणारा. त्याचं खरं नाव आमच्या घराण्यात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही.

जाणाऱ्यांनी मोगलसराईला गाडी बदलावी आणि पूल येताच खिडकी धरावी. टांगा चौकापर्यंतच, पुढे गल्ल्यांतून पायी. समोरून सांड आला तर लाज सोडून कुणाच्याही ओट्यावर चढा. मी चढलो ते नेमकं कचोरीचं दुकान निघालं. सामान तिथेच टेकवून बसलो, तासभर उठलोच नाही.

सकाळी पंचगंगेवर स्नानाला गेलो. साठीतले नानाकाका, एक हात कमरेवर, शेंडी उडवत पायरीवरून धप्पकन पाण्यात!

"देखलंस? हुबेहूब तोच ना?"

"हुबेहूब बेडूक!" वरून काकू.

तेवढ्यात आमचा नाववाला रामधनी म्हणाला, "पंडितजी, आपका कूदनेवाला साहब रामनगर आया है. तंबू में. बस कल तक."

नानाकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतलाय, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द सोडायची नाही. रामनगर पडलं गंगेपार. तिथे मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो, असं इथली पोरंसोरंही सांगतात. उडीवाल्याचं एकही चित्र न चुकवलेला माणूस, आणि नवं चित्र समोरच्या तीरावर!

मी तडक रामनगर गाठलं. (नाव करताना जाण्यायेण्याचं एकदमच ठरवा.) काकांची अडचण ऐकून तंबूवाला पोट धरून हसला. मग म्हणाला, "उतरेंगे नहीं? तो नदीवाली कनात उठा देता हूँ. परदे के पीछे से देख लें."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही नावेत. पाणी काशीचंच, असं नानाकाकांनी स्वतःच ठरवून टाकलं. त्यांचं धोतर धरायला म्हणून काकूही आल्या. तीरापासून हातभर अंतरावर रामधनीने बांबू रोवून नाव थांबवली आणि पडदा उजळला. मागून पाहत असल्यामुळे सगळं उलटं. इंग्रजी पाट्याही उलट्या. पण आम्हाला सुलट्या तरी कुठे वाचता येतात!

"अग, आता डाव्या हातानेपण लढतोय!" नानाकाका मोहरून ओरडले. आम्ही कुणीच काही सांगितलं नाही. उडीवाला बुरुजावरून झेपावला, तसे हेही उठले आणि एक पाय नावेच्या काठावर! नाव कलली. काकूंनी शेंडीच धरली. "पाऊल टाका, म्हणजे उद्यापासून कडबाच वाढते!"

"बइठ जाइए, पंडितजी!" रामधनी हसता हसता रडकुंडीला आला.

परतताना नानाकाका म्हणाले, "आता तो बोलतो म्हणे, दत्तू. इथे बोलपटाचं यंत्र कधी येतं कोण जाणे. आवाज कसा असेल रे त्याचा?"

काकूंनी तेव्हा कुठे त्यांची शेंडी सोडली.

साताऱ्याला घरी आलो आणि आत्याने पहिला प्रश्न केला, "गडू कुठाय?" गडू दुर्गाघाटावरच राहिला होता! काशीने मला काय दिलं म्हणाल, तर एवढंच: अजूनही डोळे मिटले की तलवार डाव्या हातात दिसते, आणि नानाकाकांचा तो प्रश्न कानातून जात नाही. साताऱ्यात तरी कुठे आलाय बोलपट! पुण्यात त्याचा लागलाय म्हणतात, पण मी आज जातो, उद्या जातो...

थांबा, दारात टांगा आला. आत्या किंचाळलीच. यात्रेकरूंच्या सोबतीने काशीहून काकू आल्यात! काखेत माझा विसरलेला गडू. उंबऱ्याबाहेरूनच विचारतायत, "दत्तू, बोलपट पुण्याला लागलाय ना, गाडी कधी आहे रे? तुझ्या काकांना काशी सोडता येत नाही, मला येते. त्या उडीवाल्या मेल्याचा आवाज कसा आहे ते ऐकून त्यांना जाऊन सांगायचंय."